अडल्या जीवाचे टोले

लागोपाठ टोले पडायला लागले तेव्हा नावाडी जेवायला बसला होता. एक घास तोंडात, एक हातात. हातातला त्याने ताटात टाकला आणि उष्ट्या हातानेच उठला.

"ताट झाकून ठेव," तो बायकोला म्हणाला.

"झाकते कसली? मी येतेच आहे. पाणी कोण उपसणार, आबा?"

आबा म्हणजे नावाड्याचा बाप. दाराशी खाटेवर पडलेला. गुडघे गेले, दात गेले, कान तेवढे शाबूत राहिले. त्याने मान उचलून म्हटलं, "लवकर निघा. हात थांबत नाहीये."

पलीकडच्या काठावरच्या मोठ्या झाडाला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा तारेने टांगलेला होता. खोडाला टेकवलेला एक लोखंडी गज. ज्याला अलीकडे यायचं त्याने गजाने एक टोला द्यायचा. मग नावाडी हातातलं काम उरकून निघायचा. पण टोले लागोपाठ पडले तर अडला जीव. मग काम उरकायचं नाही, चप्पल शोधायची नाही, कोण आहे विचारायचं नाही. हे कुठल्या कायद्यात नव्हतं. कायद्यात असतं तर पाळलं कोणी असतं? आबाने हे त्याच्या बापाकडून घेतलं, नावाड्याने आबाकडून. एवढ्या वर्षांत लागोपाठ टोला कोणी उगाच दिला नव्हता. दारू प्यालेल्यानेही नाही.

नाव जुनी होती. तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायचंच. नावाडी वल्हं मारायचा आणि बायको मागे बसून पत्र्याच्या डब्याने पाणी उपसायची. लग्न झाल्यापासून तिचं हेच. ती म्हणायची, "नवऱ्यापेक्षा डब्याशीच जास्त संसार झालाय माझा."

मध्ये पुलाचे दोन खांब उभे होते. एका निवडणुकीला एक आला, पुढच्या निवडणुकीला दुसरा. वर लोखंडी गजांच्या जटा वाढलेल्या आणि त्यात पाणकावळे. गावात म्हणायचे, पूल मंजूर झाला तो पाणकावळ्यांसाठीच. अलीकडच्या काठावर मोबाईलचा टॉवरही होता, मागच्या निवडणुकीचा. त्यात वीज तेवढी यायची राहिली होती.

पलीकडे वाळूत एक माणूस आडवा पडला होता. डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले. भोवती चार-पाच जण. त्यातला काळ्या गॉगलवाला ओरडत होता, "काका, लवकर! गाडीवरून पडलाय. तुमच्या गावचाच पाहुणा आहे. घरच्यांना एकदा बघू दे त्याला."

नावाड्याने काही विचारलं नाही. पडलेल्याच्या खांद्याखाली हात घातला, उचलला, नावेत निजवला. बाकीचे पटापट चढले. त्यांच्याजवळ एक जड पोतंही होतं. नाव पाण्यात बोटभर जास्त बसली. बायकोचा डबा भराभर चालायला लागला.

खांबांच्या पुढे आल्यावर तिचा हात थांबला. पडलेल्या माणसाच्या पट्टीकडे ती बघत राहिली. पट्टी कोरी होती. नव्या धोतरासारखी.

"अहो," ती म्हणाली, "याला रक्तच नाही."

पडलेला माणूस हसला आणि उठून बसला. पट्टी काढून त्याने खिशात घातली. "काडी आहे का कुणाकडे?" म्हणाला आणि तोंडात सिगारेट धरली. पोत्यातून कर्णा निघाला, झेंडे निघाले, आणि हसऱ्याचं मोठं चित्र निघालं. हसऱ्या म्हणजे इथला आमदार. पोस्टरवर एवढं हसायचा की लोक त्याचं खरं नाव विसरले होते.

नावाड्याने वल्हं उचलून धरलं. "परत फिरवतो," तो म्हणाला.

"फिरवा की," गॉगलवाला म्हणाला. "काका, आम्ही तीन दिवस एकेक टोला देतोय. तुम्ही येत नाही. तुमच्या गावाने ठरवलंय म्हणे, पूल नाही तर मत नाही, आणि पुढाऱ्याला नाव नाही. मग आम्ही काय करायचं? तुमचाच नियम वापरला."

नदीच्या मध्यात, भरलेल्या नावेत, एकट्या नावाड्याने काय करायचं? मागे फिरायला जेवढं अंतर, तेवढंच पुढे जायला. नाव पाण्याने जड होत होती. बायको पुन्हा उपसायला लागली. अलीकडच्या काठाला नाव टेकायच्या आधीच कर्णा बोलायला लागला होता.

*

संध्याकाळी काठावरच्या पायऱ्यांवर गाव जमलं. कर्णेवाले तोपर्यंत घोषणा देऊन, भिंतींवर हसऱ्या चिकटवून, परत जायला पुन्हा याच नावेत बसून गेले होते. जाताना त्यांनी नावाड्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि ती सगळ्या गावाने बघितली होती.

दुकानदार सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला होता. मत न देण्याचं त्यानेच गावाला पटवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पहिल्या खांबाच्या वेळी हसऱ्याच्या गळ्यात हार यानेच घातला होता आणि तेव्हापासून आतल्या आत जळत होता.

"तुला काय मिळालं?" त्याने विचारलं.

"पाठीवर थाप," नावाडी म्हणाला.

कोणी हसलं नाही.

"टोले लागोपाठ होते," नावाडी म्हणाला. "तुम्हीही ऐकले असतील."

"ऐकले. आणि तू गेलास. बघून तरी जायचं."

"बघून जायचं असतं तर टोले कशाला हवेत?"

गवंडी मध्ये पडला. तरणा, हाताचा चांगला, तोंडाचा गरम. त्याची बायको पलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. कळा सुरू झाल्यावर नावाड्यानेच तिला नेली होती, आणि मुलगी झाल्याचा निरोपही त्याच्याच नावेतून आला होता. पण बोलायचं म्हटलं की माणूस आधी समोरच्यावर बोलतो.

"सरळ बोलू का, काका? पूल झाला तर तुमची नाव बसणार. पूल न होण्यात तुमचं भलंच आहे. त्यांचं आणि तुमचं कुठंतरी जुळतंय."

 नावाड्याच्या तळहाताच्या घट्ट्यांना भेगा पडल्या होत्या, त्यातली एक तो अंगठ्याने दाबत राहिला. बायको मात्र उठली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दोन खांब यांनीच अडवून धरलेत. रोज पहाटे जातात आणि पुलाला खाली दाबून येतात. उगवूच देत नाहीत. आणि काय हो गवंडीदादा, तुमच्या बायकोला नेली तेव्हा हे कुणाला सामील होते?"

"वहिनी, तुम्ही बायकांनी यात..."

"बायकांनी पाणी उपसायचं. माहीत आहे."

दुकानदाराने हात वर केला. गावाचा विश्वास कोणावरच राहिला नव्हता आणि त्यातला नावाडी तेवढा हाताशी होता. मंत्री हाताशी नव्हता, ठेकेदार नव्हता. जो सापडतो त्याच्यावर राग निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने दुकानातली जाड साखळी आणली, नावेच्या टोकाला जी लोखंडी कडी होती तिच्यातून ओवली, काठावरच्या दगडी खुंटाला गुंडाळली आणि मोठं कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली.

"कामाला जाणाऱ्यांसाठी सकाळी उघडीन, संध्याकाळी उघडीन," तो म्हणाला. "मध्ये कितीही टोले पडोत. निवडणूक होईपर्यंत टोल्यांवर भरवसा नाही."

नावाडी बाजूला उभा राहून बघत होता. कुलूप लावताना दुकानदाराचा पाय चिखलात घसरला, तेव्हा त्याला सावरायला हात नावाड्यानेच दिला.

*

दिवसभर काय करायचं हे नावाड्याला कळेना. तो उठायचा, नावेजवळ जायचा, कुलूप हलवून बघायचा आणि परत यायचा. मग त्याने वाकस काढला. लाकूड तासायचं हत्यार, फावड्यासारखं आडव्या पात्याचं. दगडावर त्याने धार काढली. जोडीच्या जुन्या वल्ह्याचं पातं तासून सारखं केलं. काथ्या आणि डांबर घेऊन नावेच्या सांध्यांत भरलं.

"एवढी मलमपट्टी माझ्या टाचांना केली असती तर मी पळाले असते," बायको म्हणाली.

"कुठं?"

"तेच तर. नाव कुलपात आहे."

तो हसला. त्या आठवड्यात तेवढंच.

लोक नावेत बसायचे, पण बोलायचे नाहीत. सकाळी दुकानदार येऊन किल्ली फिरवायचा आणि नावेत चढणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघून घ्यायचा. संध्याकाळी पुन्हा तसंच. नावाड्याची मुलगी त्याच नावेने जायची यायची. ती पलीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. दवाखाना काठापासून लांब, रिक्षाने जावं लागायचं. तीही नावेत चढली की बायका हळूच सरकून बसायच्या. सरकारचा पगार खाते. सरकारचं माणूस.

"आई, मी काय केलंय गं?" तिने एका संध्याकाळी विचारलं.

"सरकारी निळी साडी नेसतेस."

"ती सरकारी साडी एकदा धुऊन बघ. पहिल्या पाण्यात रंग जातो," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग मुलगी म्हणाली, "गवंड्याच्या बायकोला अजून दोन दिवसांनी सोडतील. अशक्त आहे फार. मीच घेऊन येईन तिला."

आबा दिवसभर काठाकडे कान लावून पडलेला. "नदी भरलीय," तो दुपारी म्हणाला.

"ऊन एवढं आणि नदी भरेल कशी?" सून म्हणाली.

पण भरली होती. वर धरणाचे दरवाजे उघडले होते. खालच्या गावांना मतं होती, म्हणून त्यांना पाणी सोडलं होतं. मधल्या गावाला कोणी सांगितलं नाही. ज्याचं मत नाही त्याला कशाला सांगायचं? काठच्या दगडांवर रात्री सुकलेला चिखल सकाळी पाण्याखाली गेलेला दिसायचा. नावाड्याने दुकानदाराला म्हटलं, "पाणी चढतंय. खालच्या उतारावरून, पाणी गुडघाभर असतं तिथून, कोणी चालत येऊ नये, सांगून ठेवा." दुकानदार म्हणाला, "उतारावरून येतं कोण? नाव आहे की."

"नावेला कुलूप आहे," नावाडी म्हणाला.

*

ते टोले भर उन्हात पडायला लागले.

लागोपाठ. नावाडी उठला आणि तसाच उभा राहिला. बायको चुलीपाशी होती, तीही उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत होती.

"पोरीचा हात आहे," आबा म्हणाला.

"आबा, रूळ तो रूळ. त्यात हात कसा कळेल?"

"मला वाटतं तसं."

ती दोघं काठावर गेली. गाव आधीच तिथं होतं. पलीकडे गाड्या उभ्या होत्या, झेंडे लावलेल्या. हसऱ्या आज पलीकडच्या दवाखान्यात येणार हे सगळ्यांना माहीत होतं. झाडाच्या अर्ध्या फांद्या छाटून तिथं त्याचं मोठं चित्र उभं केलं होतं. झाडाखाली माणसांचा घोळका. त्या घोळक्यात कोण आणि काय, एवढ्या लांबून दिसत नव्हतं. टोले मात्र येत होते.

"बघ," दुकानदार म्हणाला. "झेंडे बघ. आज पट्टी कुठं बांधलीय देव जाणे."

"किल्ली दे," नावाडी म्हणाला.

"नाही."

"माझी मुलगी असेल."

"तुझी मुलगी संध्याकाळी येते."

"असेल तरी काय?" गवंडी म्हणाला. "सरकारी नोकर. साहेबाने सांगितलं वाजव, तर वाजवणार. त्यांना माहीत आहे, बापाचा जीव तिच्यात आहे. तिलाच पुढं केलीय. काका, दोनदा फसायचं का?"

नावाडी म्हणाला, "मी दोनदा फसेन. दहादा फसेन. किल्ली दे."

 हात बांधून सगळे उभे. त्यांच्या तोंडावर राग होता आणि त्या रागाखाली एक समाधानही होतं. आज ते फसणार नव्हते. आयुष्यभर फसलेल्या माणसाला एक दिवस न फसण्याची केवढी नशा चढते! त्या नशेत समोर कोण बुडतंय तेही दिसत नाही.

टोले मध्येच चुकायला लागले. दोन जवळजवळ पडत, मग अंतर, मग एकदम हलका. वाजवणाऱ्याचा हात भरून आला होता.

मग थांबले.

"दमले," कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

नावाड्याची बायको हसली नाही. डोळ्यांवर आडवा हात धरून ती बघत होती. घोळक्यातून दोन बायका बाहेर पडल्या होत्या. एकीच्या अंगावर निळं. त्या काठाकाठाने खाली चालल्या होत्या. निळी पुढे, तिने डोक्यावर काहीतरी धरलेलं. मागची तिचा पदर धरून, वाकत, थांबत.

"अहो," ती म्हणाली.  "ती उताराकडे चाललीय."

नावाडी घराकडे पळाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात वाकस होता.

माणसं बाजूला झाली. त्यांना वाटलं, दुकानदारावर घालतोय. दुकानदारालाही तेच वाटलं. त्याने करदोट्यावर हात दाबून धरला आणि डोळे मिटले. पण नावाडी त्याच्या अंगावरून पुढे गेला, नावेपाशी गुडघ्यावर बसला, आणि नावेच्या टोकावर, कडी जिथं लाकडात रुतली होती तिथं, वाकस हाणला.

साखळी लोखंडाची होती. नाव लाकडाची होती.

"काका, काय करताय!" गवंड्याने त्याचं मनगट धरलं. "ही गद्दारी आहे!"

नावाड्याने त्याच्याकडे बघितलं. मग मनगट सोडवून घेतलं आणि पुन्हा हाणला. ढलप्या उडाल्या. हे टोक त्याने स्वतः घडवलं होतं, आबाने फळी धरली होती. त्याच फळीवर तो असा घाव घालत होता, जसा सापावर घालतात. कडी लाकडाच्या तुकड्यासकट निघाली आणि साखळीला लोंबकळत राहिली. नावेच्या तोंडाचा टवका गेला होता.

बायको आधीच आत बसली होती, डबा घेऊन.

पाणी गढूळ होतं, फेस होता. नावाडी उभा राहून वल्हं मारत होता. खांद्याच्या आत काहीतरी तुटल्यासारखी कळ येत होती. प्रत्येक लाटेला फुटक्या टोकातून पाणी आत यायचं आणि बायकोच्या पायांवर आदळायचं. ती उपसत होती. बोलत नव्हती. तिला बोलत नसलेली त्याने आयुष्यात कधी बघितली नव्हती.

उतारावर मुलगी कमरेइतक्या पाण्यात होती. मग छातीइतक्या. डोक्यावरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरलेलं. मागची बाई तिच्या खांद्याला लोंबकळत होती, तिची मान कलती झालेली.

"थांब!" नावाडी ओरडला. "पाय उचलू नकोस! आहेस तिथं थांब!"

ती थांबली. पाणी तिच्याभोवती दोन फाटे करून वाहत होतं. पायाखालची वाळू सरकताना तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. नाव खालच्या बाजूने वळवून त्याने तिच्या जवळ आणली. बायकोने डबा टाकला आणि आधी गाठोडं घेतलं.

गाठोडं रडलं.

मग मागची बाई. ती गवंड्याची बायको होती. ओल्या पोत्यासारखी ती नावेत पडली आणि पडल्या पडल्या तिने हात पसरले. नावाड्याच्या बायकोने पोर तिच्या हातात दिलं. मुलगी सगळ्यात शेवटी चढली, आणि चढल्याबरोबर आईचा डबा उचलून पाणी उपसायला लागली.

पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाका मारत होतं. गॉगलवाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला होता. मागे दोघं-तिघं मोबाईल वर धरून हे सगळं टिपत होते.

"काका! इकडे, इकडे घ्या! साहेब थांबलेत!"

बायकोने मान वळवली. आता तिला वाचा फुटली.

"साहेबांना सांग," ती ओरडली, "पाणी छातीपर्यंतच आहे!"

नाव वळली.

"एवढ्या लवकर कशी सोडली हिला?" नावाड्याने मुलीला विचारलं.

"खाटा रिकाम्या करायला सांगितल्या. साहेब येणार, फोटो निघणार. चादरी नव्या घातल्या, बायकांना बाहेर काढलं." ती उपसत बोलत होती, धापा टाकत. "रिक्षा सोडून गेली. सावली नाही, झाडाच्या फांद्या तोडल्यात. हिला चक्कर आली. त्यांना म्हटलं, गाडीत बसू द्या जरा. तर म्हणाले, ताई, वाजवत राहा, तुमच्यासाठी नाव येईल, म्हणजे आम्हालाही येता येईल. हिच्याभोवती उभे राहून फोटो काढायला लागले. तोंडाला दारूचा वास. म्हटलं, यांच्यात हिला घेऊन बसण्यापेक्षा पाणी बरं."

काठ जवळ आला. गवंडी पाण्यात शिरला होता, मांड्यांपर्यंत. त्याला बायकोचं लुगडं ओळखू आलं होतं.  त्याने बायकोला उचललं. तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

मुलगी नावेतून उतरली. अंगावर निळी साडी चिकटलेली, ओठ निळे. तिने खुंटाला बांधलेली साखळी बघितली. साखळीच्या टोकाला कडी, कडीला लाकडाचा टवका, आणि कुलूप जसंच्या तसं लागलेलं. मग तिने उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं.

"ऐकू येत नव्हतं का?" तिने विचारलं.

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. वारा उलटा असेल, असं कोणी म्हणालं असतं तरी तिने मानलं असतं.

 आबा काठी टेकत, पडत-धडपडत तिथवर आला होता.

"ऐकू येत होतं," आबा म्हणाला.

दुकानदाराने करदोट्याची किल्ली सोडली आणि हात पुढे केला. ती घ्यायला कोणी नव्हतं. ती तशीच त्याच्या तळहातावर राहिली.

*

दुसऱ्या दिवशी नावाड्याने नावेच्या तोंडाला पत्रा ठोकला, पलीकडे गेला आणि रूळ झाडावरून उतरवला. परत येताना दोन खांबांच्या मध्ये त्याने तो पाण्यात सोडला. गजही.

"मोडीत तरी घालायचा होता," बायको म्हणाली. मग म्हणाली, "बरं केलंत."

मतदानाच्या आधीच्या दिवशी गवंडी आला. नावेजवळ बसला. म्हणाला, "काका, पत्रा नीट बसला नाहीये, मी बसवून देतो." नावाड्याने त्याला हातोडी दिली. दोघं खाली मान घालून काम करत राहिले. 

मतदानाच्या दिवशी सकाळी पलीकडे एक जीप आली. माणसं उतरली, पेट्या उतरल्या. गाव पायऱ्यांवर बसून बघत होतं. नावाडी नावेच्या टोकावर बसला होता.

"ओ नाववाले!" पलीकडून हाक आली. "नाव आणा! इलेक्शन ड्युटी!"

नावाडी हलला नाही.

"ऐकू येतंय का? सरकारी काम आहे! सरकार आलंय!"

"कोण आलंय?" नावाडी ओरडला.

"सरकार!"

"मी ओळखत नाही त्याला!"

पायऱ्यांवर कोणीतरी फसकन हसलं. पलीकडे आपसात बोलणं झालं. मग एक वयस्कर आवाज आला, घसा बसलेला.

"अहो दादा, मी शाळेत मास्तर आहे! पहाटेपासून निघालोय, पोटात काही नाही! बरोबर दोन बाई आहेत, एकीचं तान्हं घरी ठेवलंय! आम्हाला रात्रीच्या आत परत जायचंय! येता का?"

नावाडी उठला. वल्हं हातात घेऊन तो एकदा पायऱ्यांकडे वळला. दुकानदार खाली बघत होता. कोणी अडवलं नाही.

मास्तरला नावाड्याच्या बायकोने खायला दिलं. बाईंनाही दिलं. दिवसभर ती माणसं शाळेच्या खोलीत यंत्र मांडून बसली. दाराबाहेर उन्हात कुत्रं झोपलं होतं. त्याला उठवावं लागलं नाही, कारण कोणी आलंच नाही. एकदा वरच्या साहेबांना फोन लागतो का ते बघायला मास्तर बाहेर आला आणि त्याने टॉवरखाली उभं राहून बघितलं. लागला नाही.

संध्याकाळी यंत्र परत नावेत ठेवलं. मास्तरने न सांगता डबा उचलला आणि पाणी उपसायला लागला. "आलं तेवढंच परत चाललंय," तो यंत्राकडे बघत म्हणाला. "वर काय सांगू मी?"

"सांगा, रस्ता नव्हता," नावाडी म्हणाला.

त्यांना उतरवून त्याने नाव वळवायला घेतली, तेव्हा मुलगी दिसली. फांद्या तोडलेल्या झाडापाशी ती उभी होती. वर हसऱ्याचं चित्र वाऱ्याने एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होतं. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. त्या दिवसापासून ती रोज अशीच यायची आणि नुसती उभी राहायची. हात करायची नाही, ओरडायची नाही. म्हणून नावाडी रोज दुपार कलली की पलीकडच्या काठावर डोळे लावून बसायचा. नजर हटवायचा नाही, पाणी प्यायलाही उठायचा नाही.

ती नावेत चढली. पिशवी मांडीवर घेतली. 

"आज मी समोरच होतो," तो म्हणाला. "माणसं उतरवत होतो. एक हाक मारायचीस."

मुलगी पाण्याकडे बघत होती.

"मारली होती ना, बाबा," ती म्हणाली.